कोपऱ्यावरचा कचरा आणि पाच हजारांचा तक्ता

पत्र थोडक्यात: काही वर्षांपूर्वी पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका भागातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, गणित शिकवायच्या. त्यांच्या सोसायटीजवळच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं कचरा साचतो. मोहल्ला समितीच्या पुढच्या बैठकीत दंडाच्या दरांबद्दल लेखी सूचना द्यायचं ठरलं आणि ‘तुमचं गणित चांगलं’ म्हणून तक्ता करायचं काम यांच्या गळ्यात पडलं. शेजाऱ्यांचा आग्रह सरसकट पाच हजारांचा. प्लास्टिकला पाच हजार आहेत, मग कचऱ्याला का नकोत? बाईंनाही ते पटलं होतं. पण गेल्या महिन्यात त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना त्याच कोपऱ्यावर पिशवी ठेवताना पकडलं. पाचशे रुपये दंड झाला आणि तो बाईंनीच भरला. आता तक्ता लिहिताना हात अडखळतो. त्या विचारतात, ‘दंड सगळ्यांना सारखाच हवा ना? मग अन्याय झाल्यासारखं का वाटतंय? आणि आकडा नेमका किती लिहू?’

बाई (शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार?),

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. ‘वस्तीतले लोक’ हे शब्द पाच वेळा आले आहेत. ‘लग्नसराईत मंगल कार्यालयवालेही टाकतात’ हे एकदाच, आणि तेही कंसात. तुम्ही पेपर तपासताना मुलांनी कंसात काय लिहिलंय ते सोडून देत नसाल. मीही सोडणार नाही.

दुसरी गोष्ट. घंटागाडी साडेनऊ-दहाला येते असं तुम्ही लिहिलंय. मावशी तुमच्याकडे सातला येतात, हेही लिहिलंय. म्हणजे त्या साडेसहाला घर सोडत असणार, आणि चार घरं करून परत जाईपर्यंत दुपार उलटत असणार. मग त्यांनी कचरा द्यायचा कोणाला? ओला कचरा रविवारपर्यंत घरात ठेवायचा? तुमच्या सोसायटीत दारातून बादली उचलून नेणारी बाई येते, म्हणून तुम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही. यात तुमचा दोष नाही. पण ‘सगळ्यांना सारखा दंड’ म्हणताना सगळ्यांना नियम पाळायची सोय सारखी आहे, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. ते गृहीतक तुमच्या कोपऱ्यावर खोटं आहे. अन्याय झाल्यासारखं वाटलं ते त्यामुळे. पाचशे रुपयांमुळे नव्हे.

आता तुमच्याच विषयात येऊ. उरलेलं अन्न न्यायला मंगल कार्यालयाने टेंपो लावला, तर समजा एका लग्नामागे दीड हजार जातात. कोपऱ्यावर टाकलं तर फुकट. दहा वेळा टाकल्यावर एकदा पकडले जातात असं धरा, आणि हे मी उदारपणे धरते आहे. दहा टेंपोंचे पंधरा हजार वाचले, दंडाचे पाच हजार गेले. निव्वळ फायदा दहा हजार, वर महापालिकेची पावती. त्यांच्या लेखी तो दंडच नाही, तो कचरा टाकण्याचा दर आहे, आणि तोही सवलतीचा. मावशींचं गणित पाहा. तुम्ही त्यांना महिना अडीच हजार देता. पाच हजार म्हणजे तुमच्या घरचा दोन महिन्यांचा स्वयंपाक. आकडा एकच, पण एकाला तो खर्चाच्या वहीतली ओळ वाटतो आणि दुसऱ्याला पोरांच्या फीमधून काढावा लागतो. हा सारखेपणा फक्त कागदावर दिसतो.

प्लास्टिकचा दाखला तुमचे शेजारी देतात म्हणून त्याच्याबद्दलही बोलू. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात पहिल्या वेळेला पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार आणि तिसऱ्यांदा पंचवीस हजार व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा आली. त्याला बरीच वर्षं झाली. तुमच्या भागातल्या भाजीबाजारात जाऊन कोथिंबीर घ्या आणि पिशवी मागा. बघा मिळते का. मला तरी हमखास मिळते. पाच हजार ही रक्कम कोथिंबीरवाल्या आजींकडून रोज वसूल करणं कोणत्याही आरोग्य निरीक्षकाला जमणारं नाही. त्याला पोट आहे, डोळे आहेत, आणि त्या आजी त्याच्या आईच्या वयाच्या आहेत. मग तो काय करतो? एक तर बघून न बघितल्यासारखं करतो. नाहीतर वरून मोहीम आली की चार जणांना धरतो आणि पुढे सहा महिने गप्प बसतो. तिसरा प्रकार तुम्हालाही माहीत आहे. पाच हजारांची पावती फाडण्याऐवजी पाचशेत बिनपावतीचं मिटतं. आकडा जितका मोठा, तितकी घासाघीस करायला जागा जास्त.

यावर ‘मग अंमलबजावणी कडक करा’ असं तुमच्या बैठकीत कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. पण आपल्याकडचा अनुभव काय सांगतो, तेही त्यांच्यापुढे ठेवा.

महापालिका कायद्यात २००८ साली २६७-अ हे कलम आलं. अनधिकृत बांधकाम असेल तर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड. हेतू चांगला होता. पिंपरी-चिंचवडमध्ये हा ‘शास्तीकर’ हजारो घरांवर चढत गेला. गुंठा-दोन गुंठ्यांवर घर बांधलेली नोकरदार माणसं, कारखान्यांतले कामगार. ज्यांना तिप्पट बिल भरणं शक्य नव्हतं त्यांनी मूळ करही भरणं सोडलं. दर निवडणुकीत शास्तीकर माफीचं आश्वासन आलं. आधी लहान घरांना सूट मिळाली, मग थोड्या मोठ्या घरांना, आणि मार्च २०२३ मध्ये शासनाने तो पिंपरी-चिंचवडमध्ये माफच केला. पंधरा वर्षांत बांधकामं थांबली नाहीत आणि शास्तीही जमा झाली नाही. यात मूर्ख कोण ठरलं? ज्याने पहिल्याच वर्षी कर्ज काढून तिप्पट भरलं तो.

पुण्याच्या मिळकतकराचंही तेच. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. आकडा धडकी भरवणारा. पण दर काही वर्षांनी अभय योजना येते आणि शास्तीत मोठी सूट मिळते. २०२० साली आली तेव्हा तर ऐंशी टक्क्यांपर्यंत होती. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ मिळकतकराची नोटीस आली की हसून म्हणतात, ‘अभय येऊ दे, मग बघू.’ त्यांना दंडाची भीती नाही, कारण दंड लावणाऱ्याला तो निभावता येत नाही हे त्यांनी ओळखलंय.

म्हणून आकडा ठरवायची माझी कसोटी एवढीच आहे, की माफ करावा लागेल असा दंड लिहू नका. प्रत्येक रकमेसमोर स्वतःला विचारा, हा दंड मावशींकडून, मंडळाच्या अध्यक्षाकडून आणि माझ्या स्वतःच्या जावयाकडून, एकाच दिवशी, कोणाचाही फोन न येता वसूल होईल का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर आकडा चुकलाय. कधी तो जास्त असेल, कधी कमी.

हे काही नवं शहाणपण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचं प्रकरण आहे. रस्त्यावर माती-केर टाकला तर पणाचा (पण म्हणजे त्या काळचं नाणं) आठवा भाग दंड, चिखलपाणी तुंबवलं तर पाव पण, आणि हेच राजमार्गावर केलं तर दुप्पट. पणाचा आठवा भाग! आपल्या समितीतल्या कोणाला हा आकडा सांगितला तर हसतील. पण त्या उतरंडीमागचा विचार बघा. नुकसान वाढलं की दंड वाढतो, आणि जागा महत्त्वाची असेल तर आणखी वाढतो. त्यापुढे देऊळ, पाणवठा अशा ठिकाणी घाण करणाऱ्यांचे दंड आहेत आणि लगेच अपवाद दिलाय. औषध घेतल्यामुळे, आजारामुळे किंवा भीतीमुळे असं घडलं तर दंड नाही. ज्याच्या हातात नव्हतं त्याला दंड नाही, हे अर्थशास्त्राने लिहून ठेवलं. आपण मात्र स्वच्छतागृह नसलेल्या चौकात मधुमेही रिक्षावाल्याची पावती फाडतो.

आजच्या कायद्यातही असं शहाणपण सापडतं, फक्त ते कोणी वाचत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नोटिशीनंतरही जागा न सोडणाऱ्या विक्रेत्याला दिवसाला अडीचशे रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो जप्त केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये, असंही त्याच वाक्यात आहे. नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा, बाकीचा मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत. माणसाच्या टोपलीपेक्षा दंड मोठा नको, हे संसदेने मान्य केलंय. तुमच्या तक्त्याला हे वाक्य डोक्यावर घेऊन फिरता येईल.

फिनलंडसारखा उत्पन्नावर दंड लावावा का, असंही तुम्ही विचारलंय. तिथे वेगाने गाडी चालवणाऱ्या श्रीमंतांना लाखोंचा दंड झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असणार. पण तिथेही साध्या पार्किंगचा दंड सगळ्यांना ठरावीकच असतो. प्रत्येक पिशवीमागे माणसाचं उत्पन्न शोधत बसणं परवडत नाही. आपल्याकडे तर मावशींचा आयटी रिटर्न मागायला निघाल्यासारखं होईल. त्यापेक्षा माणूस कोण यापेक्षा कचरा कोणाचा, हे बघा. घरातला आहे, हातगाडीचा आहे, धंद्याचा आहे, की डंपरमधला राडारोडा आहे? एवढी विभागणी निरीक्षकाला जागेवर उभं राहून डोळ्यांनी करता येते आणि तिच्यावर वाद कमी होतो.

तर तक्ता असा करून बघा. घरच्या कचऱ्याला पहिल्या वेळी लेखी ताकीद. नाव, तारीख, घंटागाडीची वेळ लिहिलेला कागद हातात द्यायचा, पैसे नाहीत. दुसऱ्या वेळी शंभर-दोनशे, तिसऱ्या वेळी पाचशे, त्यापुढे वाढवत न्या. वर्षभर पुन्हा सापडला नाही की पाटी कोरी. हातगाडीवाल्याजवळ कचऱ्याचा डबा नसेल तर आधी डबा ठेवायला मुदत, मग दंड. डबा ठेवणं ही त्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच ठरवली. धंद्याच्या कचऱ्याला पहिल्याच वेळी दंड, आणि तो उचलण्याच्या खर्चाच्या पटीत. एका खेपेचा खर्च गुणिले पाच, गुणिले दहा, जे काय पकडले जाण्याच्या शक्यतेवरून येईल ते. शक्यता मोजायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. मंगल कार्यालय आणि मोठ्या हॉटेलांसाठी तर त्याच नियमांत वेगळी तरतूद आली. दिवसाला सरासरी शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने शक्यतो आपल्याच आवारात त्याची विल्हेवाट लावायची. तेव्हा कंसातलं वाक्य कंसाबाहेर काढा आणि तक्त्यात सगळ्यात वर ठेवा. रात्री नाल्यात किंवा नदीपात्रात राडारोडा ओतणाऱ्या डंपरला दंडासोबत उचलण्याचा पूर्ण खर्च वेगळा लावा. दंड ही शिक्षा आहे, खर्च ही भरपाई. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की एकाला झुकतं माप मिळतं.

फ्लेक्सचं काय करायचं, हा तुमच्या सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न मी बाजूला ठेवते. १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. खरी अडचण आकड्याची नाही. फ्लेक्सवर वाढदिवस असणाऱ्याचा फोटो असतो, खाली पंचवीस ‘शुभेच्छुक’ असतात, आणि फ्लेक्स लावला कोणी, हे मात्र कोणालाच माहीत नसतं.

समितीत कोणीतरी म्हणेल, पैशांऐवजी कोपरा झाडायला लावा. २०१८ मध्ये पुण्यात रस्त्यावर थुंकणाऱ्यांना स्वतःची थुंकी पुसायला लावली होती, ते आठवत असेल. मला ती कल्पना आवडली होती. अजूनही काही अंशी आवडते. पण बादली आणि फडकं हातात कोणाच्या येतं? पायी चालणाऱ्याच्या. सिग्नलला काच खाली करून पिचकारी मारणारा हिरवा दिवा लागला की निघून जातो. शिवाय कोणी मोबाइलवर चित्रण करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की शिक्षा एका तासाची राहत नाही. ठेवायचंच असेल तर दंड किंवा श्रम हा पर्याय त्या माणसाने निवडायचा, आणि फोटो काढायला मनाई, असं लिहा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात गृहीत धरलेली दिसते आणि ती दुरुस्त करायला हवी. तुमची समिती किंवा क्षेत्रीय कार्यालय दंडाचा दर ठरवू शकत नाही. १९४९ च्या महापालिका कायद्याखाली उपविधी (महापालिकेचे स्वतःचे नियम) करायची म्हणजे मुख्य सभेची मंजुरी आणि वर शासनाची मान्यता लागते. मूळ कायद्याने कमाल मर्यादा घातली असेल तर तिच्यावर उडी मारता येत नाही. ‘सूचना’ हा शब्द तक्त्याच्या वर ठळक लिहा. आणि दर वाढले तरी ते पुढच्या कृत्यांनाच लागू होतील. कृत्य घडलं तेव्हा कायद्यात होती त्याहून मोठी शिक्षा देता येत नाही, हे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातच आहे. ‘गेल्या वर्षीचे फोटो आहेत आमच्याकडे’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगा.

दर गोठून राहू नयेत, ही तुमची काळजी मात्र बरोबर आहे. ५० वर्षांपूर्वीचे पन्नास रुपये आज विनोद होतात. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने केंद्राच्या ४२ कायद्यांतल्या तरतुदी बदलताना दर तीन वर्षांनी किमान दंड दहा टक्क्यांनी वाढेल, अशी सोय केली. तसं कलम तुमच्या सूचनेतही घाला, म्हणजे एकदम दहापट वाढ करायची आणि मग ओरड झाली की मागे घ्यायची, हा खेळ टळेल.

मी वकिली करायचे तेव्हा असे छोटे दंड आव्हान द्यायला यायचे. रक्कम मोठी नसायची. माणूस चिडलेला असायचा तो वेगळ्याच कारणाने. ‘मला बोलूच दिलं नाही’, ‘कोणत्या नियमाखाली ते सांगितलं नाही’, ‘माझ्यापुढच्याला सोडलं’. दोनशे रुपयांसाठी दोन हजार खर्च करायला तयार असलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा सूचनेत रकमांपेक्षा जास्त ओळी यावर खर्च करा. पावतीवर नियमाचा क्रमांक, जागा, वेळ, फाडणाऱ्याचं नाव. सात दिवसांत क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करता येईल आणि ती पावती फाडणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याने ऐकायची. निरीक्षकाला ‘महिन्याला इतक्या पावत्या’ असं टार्गेट नको. टार्गेट असलं की तो डंपरमागे धावत नाही, मावशींपाशीच उभा राहतो. तिथे पाच मिनिटांत काम होतं. आणि जमलेला पैसा त्याच कोपऱ्यासाठी वापरावा, किती जमला ते बैठकीत वाचून दाखवावं. हे शेवटचं मान्य होईल का, याबद्दल मला शंका आहे, पण मागायला हरकत नाही.

आकडा विचारलात, तो मी दिला. पण बैठकीआधी एक आठवडा त्या कोपऱ्यावर वही घेऊन उभ्या राहा. सकाळी सहा ते आठ आणि रात्री दहानंतर. एकट्या नको, सोबत कोणी घ्या. कोण टाकतं, काय टाकतं, किती टाकतं, तीन रकाने. पिशव्या मोजू नका, वजनाचा अंदाज करा. पन्नास घरच्या पिशव्या आणि मंगल कार्यालयाचं एक पिंप यांची तुलना वहीत दिसली की समितीतल्या निम्म्या लोकांची मतं आपोआप बदलतील. आणि घंटागाडीची एक फेरी सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सातला मागणारा अर्ज दंडाच्या तक्त्याच्या आधी द्या, मागून नको. दंडाची सूचना मंजूर व्हायला वर्ष लागेल. गाडीची वेळ बदलायला मुकादमाशी बोलणं पुरेल कदाचित.

ताजा कलममध्ये तुम्ही विचारलंय, मावशींचा दंड मी भरला, ते चुकलं का. नाही चुकलं. पण ते पैसे त्यांच्या पगारातून कापून घेऊ नका, आणि ‘मी भरला’ हे सारखं ऐकवूही नका. ती पावती मात्र त्यांच्याकडून मागून घ्या आणि नीट बघा. नियमाचा क्रमांक आहे का? फाडणाऱ्याची सही वाचता येते का? नसेल तर तिची झेरॉक्स काढा, मावशींचं नाव झाका, आणि तक्त्याच्या पहिल्या पानाला टाचणी लावून जोडा.